गिऱ्हाईक नसलेली मुलगी

जिभेला मध लागलाय म्हणून कपड्यांच्या दुकानात सगळे तिला मधुमावशी म्हणत. ट्रायल रूमचा पडदा सरकला रे सरकला की पहिलं वाक्य तिचंच. "अय्या, काय खुलून दिसतंय!" मालकाने नोकरीवर घेतानाच बजावलं होतं, गिऱ्हाइकाला आरशात नीट बघू द्यायचंच नाही. दुसऱ्यांच्या घामाने ओलसर झालेले, उलटेपालटे टाकलेले कपडे उचलताना तिला मळमळायचं. पण त्याहून जास्त किळस यायची ती स्वतःच्या आवाजाची. संध्याकाळी तोंडात काहीतरी चिकट साचल्यासारखं वाटे. घरी पोचली की ती चूळ भरायची आणि गप्प बसायची. सातवीतल्या लेकीच्या वाट्याला यायचं ते हे मौन, नाहीतर "पसारा आवर" आणि "केस बघ कसे झालेत!"

एके दिवशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलगी पडद्याबाहेर येताच ती बाई म्हणाली, "पोट आत घे, बेढब दिसतेस."

मधुमावशीने सवयीने मध ओतला, "छे हो, परी दिसतीये परी!"

त्या मुलीने दोघींकडे सारख्याच तिरस्काराने पाहिलं.

मधुमावशीला ते झोंबलं. आज घरी लेकीशी चार चांगले शब्द बोलायचेच, असं तिने ठरवलं. संध्याकाळी घरात शिरली तर लेक सिंकपाशी काहीतरी करत होती.

"अगं बाई! काय सुंदर काम! माझी राणीच गं ती!" चप्पल काढता काढता ती म्हणाली. सिंककडे तिने पाहिलंही नव्हतं.

लेक वळली. "आई, मी गिऱ्हाईक नाहीये."

मधुमावशीला आपल्याच तोंडाची शिसारी आली. मग पुढे होऊन तिने नीट पाहिलं. कधीचं तुंबलेलं सिंक मोकळं झालं होतं. बाजूच्या कागदावर काळपट, बुळबुळीत गाळ, केसांचे गुंते, आंबूस वास. लेकीचे हात कोपरापर्यंत बरबटलेले.

"हे हाताने काढलंस?"

"हो. जाळीखाली अडकलं होतं."

"मी रोज बघत होते. किळस येते म्हणून हात लावत नव्हते. तू लावलास."

"मलाही आली किळस. ओकारीच येत होती." मग लेक हसू दाबत म्हणाली, "साबण दे ना."

पुढे दुकानात मधुमावशीचं तोंड चालेना. एका बाईला ती चक्क सांगून बसली, की खांद्यात घट्ट होतंय. मालकाने तिला मागच्या गोदामात घड्या घालायला बसवलं. तिथे कुबट वास यायचा, पण तोंड उघडावं लागत नव्हतं.

घरी मात्र ती बोलू लागली, तेही आधी बघून. "गणित चुकलं तरी पुन्हा करून बघितलंस." एवढंच काहीतरी. कधी एखादा शब्द वाजवीपेक्षा गोड पडे आणि लेक नाक मुरडे. मग ती थांबे, आणि पुन्हा बघे.