आप्पांनी नाकारलेला अपडेट

“अहो, सोर्स कोड सगळा आहे, पण टूलच बनत नाही!” पुण्याच्या ऑफिसातून आमच्या सरांचा फोन. मी वरवंडला घरी कामाला बसले होते.

हे टूल म्हणजे पार्सर जनरेटर, ते मी सांभाळते. यंत्रं कॉम्प्युटरला जो मजकूर पाठवतात, त्याची फोड करून अर्थ लावणारा प्रोग्रॅम म्हणजे पार्सर. प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी. म्हणून पार्सर हातानं लिहीत बसायचं नाही. टूलला नियम द्यायचे, टूलच पार्सर बनवून देतं.

राहू गावच्या दूध केंद्रात फॅट तपासायचं नवं मशीन आलं होतं. आमच्या टूलमधल्या एका बगमुळे रिपोर्टमध्ये चांगल्या दुधाचं फॅट कमी दिसत होतं. दूध घालणारे मॅनेजरच्या अंगावर धावून जात होते. “उद्या सकाळपर्यंत जमवा, न्हाईतर मशीन बी परत आन् तुम्ही बी,” असं त्यानं मला बजावलं होतं. बग चार ओळींचा. तो मी सोर्स कोडमध्ये, म्हणजे टूलच्या मूळ लिखाणात, काढलाही होता; आता त्यावरून टूल पुन्हा बनवायचं होतं.

गोम अशी, की नियम वाचायला टूललाही पार्सर लागतो, आणि तो त्याच टूलच्या जुन्या कॉपीनं बनवलेला असतो. दह्याला विरजण लागतं, तसंच. आमचं विरजण होतं जुन्या सर्व्हरवर. नवा आल्यावर ऑफिसनं जुन्याची डिस्क पुसून टाकली. माझा लॅपटॉपही त्याच उत्साहात बदलला होता.

“टूलचा पार्सर हातानं लिहिला तर?” सरांनी विचारलं.

“दोन महिने तरी लागतील.”

तेवढ्यात मला निमोण्याचे आप्पा आठवले. त्यांचा पशुखाद्याचा कारखाना. इतरांना आम्ही नुसता पार्सर देतो, पण तिथल्या यंत्रांचे नियम सारखे बदलतात, म्हणून अख्खं टूलच त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकून दिलं होतं. अपडेट करा म्हणून मी किती मागे लागले, पण आप्पा ढिम्म. मी तडक गाडी काढली.

मला पाहताच आप्पा म्हणाले, “पुन्यांदा अपडेट व्हय? चालत्या मशीनला हात लावायचा न्हाई म्हंजी न्हाई.”

“तसं नाही आप्पा. तुमच्याकडची जुनी कॉपी न्यायला आलेय.”

“आन् तुमची कुठं गेली?”

सांगितलं सगळं. लाज वाटली, पण सांगितलं. आप्पा पोट धरून हसले आणि खुर्ची रिकामी करून दिली.

पहिल्या झटक्यात जमलं नाही. कॉपी इतकी जुनी, की नव्या पद्धतीनं लिहिलेले नियम तिला वाचताच येईनात. मग मधल्या काळातला सोर्स कोड शोधून काढला. जुन्यानं मधलं टूल बनवलं, मधल्यानं नवं. दुपारनंतर राहूला नवा पार्सर गेला. संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला: “म्याडम, फॅट बराबर लागतंय.” मला रडूच यायचं बाकी होतं.

निघताना सवयीनं विचारलंच, “आप्पा, आता नवं टाकून देऊ?”

“नगं. तुमच्या लोकांनी पुन्यांदा पुसलं, तर कुठं जाल?”

पुढच्या आठवड्यात सरांनी बॅकअपची पॉलिसी केली. कॉपी तीन ठिकाणी ठेवायची. तिसरं ठिकाण म्हणून मी निमोणे घातलं. सरांनी मान वर न करता सही केली.