वहिनी अप्पांसमोर बोलली

कोऱ्या कापडाचा वास आला की मला दवाखाना आठवतो, कारण सुभाष रोडवरच्या आमच्या कापडदुकानातच माझा थोरला भाऊ छाती धरून कोसळला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही नशा करतात का?" आमचे वडील, अप्पा, ताडकन म्हणाले, "आमच्या घरात चहाशिवाय काही चालत नाही." सासऱ्यांसमोर कधी तोंड न उघडणारी वहिनी पदर सावरत पुढं आली. "तसं नाही, अप्पा. हे नाकानं पावडर ओढतात. आज सकाळीबी ओढली." "म्हणजे कोकेन. त्यानंच हृदयाची धमनी आवळलीय, हे इंजेक्शन उलटलं असतं," म्हणत डॉक्टरांनी हातातलं इंजेक्शन बदललं. भाऊ वाचला. अप्पांनी बाकावर सरकून तिला शेजारी जागा दिली. आता दुकानाच्या गादीवरही ती जागा तिचीच आहे.