पेपराआधीची वरात

दोन हजार तेवीसचा उन्हाळा, ऐन लग्नसराई. तेव्हापासून कॉलेजची पोरं माझ्या मागे लागली. मी डोणगावचा घोडीवाला. घोडी एकच, राणी. तिला काही झालं की आमची चूल बंद. नवरदेवांचे किस्से माझ्याकडे ढीगभर होते. या पोरांनी दोन-तीन हंगामांत त्यांना मागे टाकलं.

यांची मिरवणूक परीक्षेच्या आधीच निघते! निरोप समारंभ म्हणे.

"पेपर झाले काय बे?"

"नाही चाचा, पुढच्या महिन्यात."

"मंग गुलाल कायचा?"

"नंतर उधळाले भेटन का नाही, काय सांगता येते!"

*

एक गॉगलवाला लागोपाठ दोन वर्षं घोडीवर बसला. मी म्हटलं, "तू तं मांगच्याच साली निरोप घेतला नं बे?"

"ते रिहर्सल होती, चाचा!"

*

राणीला लग्नाची सवय. वरात आधी मारुतीला जाते. नवरदेव उतरून पाया पडत नाही, तोवर ती पाऊल टाकत नाही. मागे डीजे दणदणतो, वर गॉगलवाला ओरडतो, देवळापुढे राणी ढिम्म! शेवटी उतरला, पाया पडला.

पारावरची म्हातारी म्हणाली, "पोरगं बरं हाय. पोरगी कुठची केली?"

*

आवाज बंद करायला एक सर धावत आले. पोरांनी उचलून त्यांनाच घोडीवर बसवलं. मग सर उतरेनात!

"अजून एक फोटो घ्या रे. या बाजूनं."

*

त्याच मिरवणुकीत, सर उतरल्यावर, डीजेवाल्यानं राणीच्या कानाशी आवाज वाढवला. ती उधळली. पुढे हायवे, ट्रक चाललेले. सगळ्यांचे मोबाइल वर गेले. त्या पोरांतला संग्रामपूरचा गजानन तेवढा लगामाला लोंबकळला. राणी वाचली, त्याचा उजवा हात मोडला. परीक्षा हुकली, वर्ष गेलं. दोस्त पास होऊन पुण्याला गेले. व्हिडिओ मात्र अजून एकमेकांना पाठवतात.

पुढच्या उन्हाळ्यात तो पास झाला. मी राणीला झूल चढवली अन् त्याच्या भाड्याच्या खोलीपुढे उभी केली.

"बस."

"काऊन चाचा? मिरवणुकीले मानसं कुठं हायेत?"

"मी हावो नं. बस बे!"

बँड नाही, डीजे नाही. लगाम धरून भर बाजारातून नेला. दुकानदार बाहेर आले.

"चाचा, लगन कोनाचं?"

"लगन नाही. पास झाला."

पुऱ्या गावातून फिरवून परत खोलीच्या दारात उतरवला. त्याचं माझ्यावरचं देणं फिटलं. राणीला घेऊन घरी आलो.