बारा डिस्कांचं कुंकू

बिघडलेल्या यंत्रासमोर उभे राहिले की डिस्कमामांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं : "सगळ्यांनी हात खिशात घाला." मग स्वतःचेही घालायचे. दौंडला रेल्वेच्या टेलिफोन विभागातून निवृत्त झाल्यावर ते बंद पडलेल्या संगणकांतून लोकांचं हरवलेलं परत काढून द्यायचे. "मशीन थोडं मारतं, घाई जास्ती मारती," असं त्यांचं म्हणणं.

शिरूरच्या आमच्या फोटो स्टुडिओत ते पहिल्यांदा आले दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्याकडे बल्बपासून नवरीच्या मामाच्या नावापर्यंत सगळ्याची यादी असते. सर्व्हरमधल्या बारा डिस्कांच्या क्रमाची तेवढी नव्हती. खंडेनवमीला आमच्या संतोषनं, म्हणजे व्हिडिओ जुळवणाऱ्यानं, त्या बाहेर काढल्या, पुसल्या, टेबलावर ओळीनं मांडून ओलं कुंकू लावलं आणि जेवून आल्यावर हाताला येतील तशा परत बसवल्या. त्यानंतर सर्व्हर काहीच दाखवेना. आत अकरा वर्षांची लग्नं होती, आणि त्यातली तीन अजून घरच्यांना द्यायची होती.

"मला कुठं खिसा, मामा?"

"मग वही धरा दोन्ही हातांनी, ताई."

मी धरली.

"कितींदा चालू केलं रं?"

"दोनदा," संतोष म्हणाला. मग हळूच, "तीनदा."

"आता नवरीला काय सांगशील? परत मुंडावळ्या बांध म्हणून?"

मामांनी आधी प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल केली. "अस्सल माल कपाटात. चुका करायच्या त्या नकलेवर." त्यात दोन दिवस गेले. पण एकेका लग्नाचे तुकडे बाराही डिस्कांवर वाटलेले, आणि डिस्कांचा मूळ क्रम काही लागेना. पडद्यावर कुठं अर्धा फेटा, कुठं नुसतीच अक्षता धरलेली मूठ. संतोषला जेवण जाईना, आणि मी तिन्ही घरांना काय सांगायचं याची यादी करायला घेतली.

तिसऱ्या दुपारी मामा कपाट उघडून अस्सल डिस्कांवरचं कुंकू निरखू लागले.

"संत्या, कुंकवात बोट कितींदा बुडवलंस?"

"एकदाच, मामा. पहिल्या डिस्कला."

"आन् वळ कशी मांडली व्हती?"

"वरच्या खणापासून काढत गेलो तशीच."

मामांनी बाराही डिस्का टेबलावर मांडल्या. एकीवर ठसठशीत लाल टिकली, पुढच्यांवर फिकट होत गेलेली, शेवटचीवर नुसता भास. मधल्या दोन सारख्याच दिसत होत्या. मामांनी नकला दोन्ही तऱ्हांनी लावून पाहिल्या. दुसऱ्या खेपेला कासुर्डीचा नवरदेव घोड्यावरून उतरायला नकार देत पडद्यावर अवतरला. आम्ही एवढ्यानं ओरडलो की शेजारचा शिंपी धावत आला.

"आमच्या चर्चमधी कुंकू न्हाई, ताई," मामा म्हणाले, "पर आज ह्याला सलाम."

मामा आता लेकीकडे नाशिकला असतात. डिस्का जागच्या हलत नाहीत, त्यांच्यावर आकडे आहेत, आकड्यांची यादीही आहे. तरी खंडेनवमीला संतोष बोट एकदाच बुडवतो, आणि त्याआधी मामांचा फोन येतोच.

"वही धरली का, ताई?"

"दोन्ही हातांनी, मामा."

"मग लावा कुंकू."