खंडेनवमीनंतरचा उतार

पहिल्याच दिवशी पोट्टीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, माझ्या स्केटचा ब्रेक काढून टाकला. मी पायरीवर बसून लेस आवळत होते, अजून धड उभीही राहिले नव्हते, आणि ही माझ्या पायाशी उकिडवी बसून पेचकसानं टाचेमागचा रबरी ठोकळा सोडवून राहिली होती. मी म्हटलं, "काय करून राहिली वं? ब्रेक हाय न तो." तर म्हणे, "इसकी आदत लग गई न आई, तो असली रुकना कभी नहीं आएगा." आणि ठोकळा स्वतःच्या खिशात. मी तिच्याकडे बघतच राहिले. सायकल शिकवताना कोणी आधी सायकलचा ब्रेक काढून ठेवतं का? पण या स्केटवाल्यांच्यात म्हणे हीच रीत आहे. चार चाकं एका ओळीत, त्यावर चाळिशी उलटलेली बाई, आणि थांबायला काही नाही.

लेक बारावीत आहे. पुढच्या वर्षी हॉस्टेल. कुठलं गाव ते अजून ठरलेलं नाही, पण रायपूर नाही एवढं तिनं ठरवून टाकलं आहे. आम्ही रायपूरच्या बुढापाऱ्यात राहतो, घरात मराठी. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. आणि उत्तर तरी काय, "हाँ", "खा लिया", "बाद में". बाकी सगळं बोलणं फोनशी. स्केटिंगचा विषय काढला की तेवढं तिचं तोंड उघडतं, कारण लहानपणापासून ती चाकांवरच वाढली. रविवारी सकाळी तिच्या स्केटवाल्या दोस्तांचा घोळका नव्या रायपूरला जातो. तिथले रस्ते रुंद आणि रिकामे, आणि त्यातच कुठंतरी एक लांब उतार आहे. त्या उताराबद्दल बोलताना ती हात हलवून हलवून बोलते.

मला एकदा, ती जायच्या आधी, तिच्या बाजूनं तो उतार उतरायचा होता. दुसरं काही नको होतं मला. मी तसं सांगितलं तर आधी ती हसली, मग म्हणाली, "पहले रुकना सीखो. जिसको रुकना नहीं आता, उसको मैं ढलान पे नहीं ले जाती." मला टाळायलाच म्हणाली असणार. पण मीही तिचीच आई. तिचे जुने स्केट माझ्या पायाला बरोबर बसले. पंडरीच्या बाजारातून मी स्वतःसाठी ट्रॅकपँट आणली, आयुष्यातली पहिली. ती घालून आरशासमोर उभी राहिले तर मीच दचकले.

सराव घरामागच्या शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर चालायचा. तळ्याकडे फिरायला जाणारी माणसं फाटकाशी थांबून बघायची. शेजारच्या काकूंनी तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं ठीक हाय न?" मी म्हटलं, घरी ठीक आहे काकू, पायाखाली ठीक नाही.

थांबायचा पहिला प्रकार म्हणजे एक पाय मागे आडवा ठेवून घासत न्यायचा. दुसऱ्यात पाय फाकवायचे, चवडे आत, टाचा बाहेर, आणि जोर लावायचा. पडतझडत, शिव्या घालत, पावसाळा संपेपर्यंत हे दोन्ही मला आले. मला वाटलं झालं, आता चला. तर पोट्टी म्हणते हे बच्चों वाले आहेत. ढलानवर खरा प्रकार लागतो. तो म्हणजे भर वेगात दोन्ही पाय एकदम आडवे फिरवायचे, गुडघे वाकवायचे, अंग मागे टाकायचं, चाकं जमिनीवर बाजूनं घसरत जातात आणि माणूस थांबतो. तिनं करून दाखवलं. जोरात माझ्या अंगावरच आली, कंबर वळवली, खर्रर्र असा आवाज झाला, आणि माझ्या नाकासमोर उभी. मी विचारलं, "हे मले करायचं हाय?" ती म्हणाली, "हाँ."

माझी चाकं काही घसरेनात. पाय आडवा केला की चाक सिमेंटला धरून बसायचं आणि मी पुढं तोंडघशी. "वज़न पीछे आई, घुटना मोड़ो, डरो मत." डरो मत म्हणायला काय जातं. एकदा मी भर मैदानात हेल्मेट काढून आपटलं आणि म्हटलं, चुलीत गेला तुझा उतार. तिनं हेल्मेट उचलून आणून माझ्या शेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी परत उभी.

मग खंडेनवमी आली. आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत, घराणं मूळचं वऱ्हाडातलं. वर्षभर देवासमोर बसतील तर शपथ, पण खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड बाहेर काढणार. विळी, पक्कड, पाने, शिलाई मशीन, मिक्सर, अंगणात स्कूटर. धुवायचं, पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू, वर झेंडू. यंदा पाटावर आमच्या दोघींचे स्केटही मांडलेले. मी म्हटलं, अहो, हे काहून? तर म्हणतात, "तुमचं बी हत्यारच हाय न आता." चाक दिसलं की यांच्या हातून तेल सुटणारच, नोकरीच तशी. खोबरेल तेलाचा फडका एकेका चाकावरून इतकं मन लावून फिरवला की ती नव्यासारखी चमकायला लागली. मला भरून आलं, खरं सांगते. एवढ्या दिवसांत त्यांनी माझ्या स्केटिंगबद्दल चांगला शब्द काढला नव्हता.

नवमीला पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नसतो आणि दसरा सोनं वाटण्यात गेला. त्यानंतरच्या सकाळी बघते तर पोट्टी न्हाणीघरात दार लोटून साबणाच्या फडक्यानं आपल्या स्केटची चाकं घासत होती. मी कडाडले, "पूजेचं कुंकू असं लगोलग पुसतेत का? बाबाले काय वाटंन?" ती म्हणाली, "आई, तेल है इसमें," आणि माझ्या जोडीकडे हात केला. मी तिच्या हातावर चापट मारली. माझे स्केट मी कुंकवासकट, झेंडूच्या पाकळ्यांसकट पिशवीत टाकले.

आणि त्याच सकाळी ते झालं. सुरुवातीला ढकलतानाच पाय जरा सटकले, मला वाटलं मैदानात धूळ आहे. मग वेग घेतला, डोळे अर्धे मिटले, पाय आडवे फिरवले, आणि चाकं घसरली. सर्रकन. कुठं अडकणं नाही, झटका नाही. घसरत घसरत भिंतीपर्यंत गेले आणि तिथं उभीच होते. मला कळेचना हे कोणी केलं. मागे बघितलं तर पोट्टी तोंडावर हात ठेवून उभी. "आई, फिर से करो." फिर से केलं. तिनं फोनवर शूटिंग घेतलं, ते नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं, नागपूरहून नणंदेनं विचारलं की ही बाई कोण. ह्यांनी तो व्हिडिओ रात्री जेवताना परत लावला. आणि पोट्टी ताटात बघत म्हणाली, "संडे को चलना फिर." माझा घास हातातच राहिला.

रविवारी उजाडताना आम्ही नव्या रायपूरला पोचलो. घोळका पुढं निघून गेला, ती माझ्यासाठी मागे थांबली. उतार लांब आहे हे तिनं सांगितलं होतं, इतका उभा आहे हे नव्हतं सांगितलं. पण ती बाजूला होती. म्हणाली, "आधे में एक बार स्लाइड मारके स्पीड तोड़ना, फिर नीचे एक बार. बस." आणि आम्ही निघालो.

पहिला भाग मला नीट आठवतो. ती माझ्या डाव्या हाताला, हात लावला तर लागेल इतकी जवळ. वाऱ्यात काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही, पण ती माझ्याकडे बघून बोलत होती. मनात म्हटलं, मिळालं.

मग अर्ध्यावर मी पाय आडवे फिरवले, आणि चाकांनी रस्ता धरला. घसरणं नावालाही नाही. असा झटका बसला की मी अर्धी कंबरेतून पुढं लवले, कसेबसे पाय परत सरळ झाले, आणि वेग होता त्याहून वाढला. मी परत फिरवले, परत तेच. हे माझ्याच पायांनी कालपरवा केलं होतं, आणि आता पाय ओळखच दाखवेनात. मागचा पाय घासायचा तो पहिला प्रकार करून बघितला तर पाय नुसता थडथड उडत होता. बोबडी वळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच नाही.

आणि खाली, उतार संपतो तिथं, रस्त्याच्या मधोमध गाई बसलेल्या. आमच्याकडे रस्ता म्हटला की गाय आलीच, तो नवा असो की जुना. एक तांबडी गाय तर बरोबर माझ्या रेषेत, रवंथ करत.

"आई, साइड में! घास में जाओ, घास में!" मागून लेक ओरडत होती. मला शब्द ऐकू येत होते, पण त्यांचं काही करता येत नव्हतं. घास म्हणजे काय, कुठं, कोणत्या बाजूला, काही पोचतच नव्हतं.

मग तिचा आवाज फुटला. "आई, खाली बस. आई वं, खाली बस!"

आणि मी बसले. विचार नाही, काही नाही, लहानपणी आजोळी कोणी म्हटलं की बसायचो तशी बसले. ढुंगणावर, दोन्ही हात मागे, स्केटिंगच्या हातमोज्यांच्या तळव्यावरची प्लास्टिकं रस्त्यावर करकरत, पंडरीची ट्रॅकपँट फाटत. थांबले तेव्हा माझे पाय तांबड्या गाईच्या पोटापासून हातभर होते. तिनं माझ्याकडे बघितलं, कान हलवला, आणि चघळणं चालू ठेवलं.

लेक धावतच माझ्याजवळ आली, म्हणजे स्केटवरच, पण ते धावणंच होतं. गुडघ्यांवर कोसळली. तिचा चेहरा असा पांढरा मी कधी पाहिला नव्हता. ओठ हलत होते. "मले वाटलं तू... मले वाटलं तू गेली." आणि माझ्या गळ्यात पडली.

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "मैं ठीक हूँ बेटा, कुछ नहीं हुआ." हिंदीत. घरात जन्मात तिच्याशी हिंदी न बोललेली मी. ती थबकली, मीही थबकले. तिथंच रस्त्यावर बसून आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मला वाटतं त्या सगळ्या सकाळीत एवढा धक्का मला गाईचाही बसला नसेल.

मग ती माझे पाय, हात, मनगटं चाचपायला लागली. स्केट काढता काढता तिनं एक चाक बोटानं फिरवलं आणि थांबली. चाकाच्या कडेला कुंकवाचा चिकट थर होता, त्यात झेंडूची पाकळी. रस्त्याला टेकतो तो मधला भाग मात्र कोरडा ठणठणीत. तिनं कडेला बोट लावून वास घेतला. "नारियल तेल," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, हळूच, "वो स्लाइड तुम्हारा नहीं था आई. बाबा के तेल का था."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. चार सकाळी मी जी मैदानावर मिरवत होते, नणंदेला व्हिडिओ पाठवत होते, ते सगळं खोबरेल तेलानं केलं होतं, आणि इथं यायच्या आत ते झिजून गेलं होतं. पडल्याचं काही नाही, पण हे लागलं. मला रडू आलं. इतकं की समोरच्या गाईचीही लाज वाटली नाही. मी म्हटलं, "म्हणजे मले आलंच नव्हतं." ती म्हणाली, "नहीं आई, नहीं आया था." खोटं बोलली नाही, तेवढं बरं केलं.

पुढं गेलेल्या घोळक्यातली पोरं मागे परत येऊन बघायला लागली, तेव्हा तिनं हात करून त्यांना घालवून दिलं. त्यांच्यासोबत गेली नाही. तिचा तो रविवार तिथंच संपला.

परतताना स्कूटर तिनं चालवली. मी मागे, स्कूटरवर ती तोंडाला बांधते ती ओढणी कमरेला बांधून, कारण ट्रॅकपँटचं काही राहिलं नव्हतं, आणि मांडीवर स्केटची पिशवी. मी मनात म्हणत होते, गेलं. आता ही मला परत कधी नेणार नाही, आणि पुढच्या वर्षी ही इथं नसणार. बरोबरच आहे तिचं. जिसको रुकना नहीं आता, उसको ती नेत नाही.

पहिल्या सिग्नलला ती थांबली. मान वळवली नाही, समोर बघतच बोलली, अर्धं तिच्या भाषेत, अर्धं माझ्या.

"मैं हॉस्टेल गई न आई, तर तू एकटी नको येजो इथं. सुट्टीत मी येईन, तवा आपण येऊ. मेरे जाने तक रोज़ मैदान में, मेरे सामने."

मी म्हटलं, हव.

"और चाकं मैं पोंछूँगी," ती म्हणाली, आणि सिग्नल सुटला.