चार सुती मशीन आणि तिसरी तार

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी हसायला नको. पालीला भीत नाही, सापाला भीत नाही, सासरच्या माणसांना तर कधीच भ्याले नाही; पण करंट म्हटला की माझे हातपाय गार पडतात. माझं माहेर सुलतानपूरचं. तिथे आमच्या शेजारच्या काकूने ओलं लुगडं अंगणातल्या तारेवर टाकलं आणि तार धरून ती तशीच उभी राहिली. विजेची वायर घासून त्या तारेला टेकली होती, कोणाला ठाऊकच नव्हतं. तिची मूठ सोडवायला धावलेले काका लांब फेकले गेले. ते वाचले, काकू गेली. मी आमच्या ओट्यावरून सगळं पाहत होते. तेव्हापासून लोखंड आणि वीज एका जागी दिसली की मी चार पावलं मागे सरते.

आणि नवरा मिळाला तो नेमका सगळी कामं स्वतःच्या हाताने करणारा! बुलढाण्याच्या कचेरीत दिवसभर फायली, आणि घरी आले की हातात पकड नाहीतर करवत. घरात आम्ही तिघं: हे, मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. मामाजी शाळामास्तर होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तरी मागच्या अंगणातून भिंत चाचपत संडासापर्यंत एकटे जात. एकदा पायरी चुकली, पडले, भुवई फुटली. त्यानंतर हात धरल्याशिवाय जाण्याची हिंमत होईना, आणि सुनेचा हात धरायची त्यांना लाज. मग त्यांनी काय केलं, तर पाणीच प्यायचं सोडलं. मुलगा कचेरीतून येईपर्यंत घोटभर पाण्यावर दिवस काढायचे.

"मामाजी, पाणी आणू?"

"नाई बाई, तहान नाई."

ओठांना भेगा पडल्या होत्या, आणि म्हणे तहान नाही! मला असा राग यायचा, की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

यांनी ठरवलं, मागच्या दारापासून संडासापर्यंत भिंतीला लोखंडी नळी बसवायची. ती धरून मामाजी आपले आपण जातील. भिंत काळ्या दगडाची, मातीत रचलेली. गवंड्याने छन्नी लावून पहिलं भोक पाडायला घेतलं, तर शेजारचे दगड हलले आणि आतली माती भुरभुर गळायला लागली. "ठोकून जमत नाई साहेब, सारी भिंत खाली येईन," म्हणून तो मोकळा झाला.

"मंग भोकं पाडाची मशीन आणू. विजेची," हे म्हणाले. झालं! माझी झोप उडाली.

मशीन घ्यायला घाट उतरून खामगावला जायचं होतं. मी हट्टाने सोबत गेले. दुकानदाराने दोन मशिनी पुढे ठेवल्या. एक दोन सुती, म्हणजे पाव इंची भोकाची, एका हातात मावणारी. मला तीच आवडली. लहान मशिनीत करंटही लहान असेल, असं माझं गणित. दुसरी चार सुती, दोन मुठींची, सगळं अंग धातूचं, उचलताना यांनाही दम लागला. दुकानदाराने पायरीच्या दगडावर दोन्ही चालवून दाखवल्या. लहानीने दगड नुसता चाटला आणि धूर सोडला. मोठीने घरघर करत बोटभर भोक पाडलं. फळीवरचे खिळ्यांचे डबे हलले, आणि मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.

"लाकडाले हे, गोट्याले हे," दुकानदार म्हणाला. मग माझ्याकडे पाहून बोलला, "बाई, भेऊ नका. फक्त एक ध्यानात ठेवा. ह्यात तीन तारा हायेत. ही हिरवी तार जमिनीची. ते जोडल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका."

"हाव हाव," हे म्हणाले. यांचं हाव हाव मला चांगलं माहीत होतं. एका कानाने घ्यायचं आणि दुसऱ्याने सोडायचं.

पोत्यात गुंडाळलेली मशीन एसटीच्या टपावर गेली. घाटातल्या प्रत्येक वळणाला वर ट्रंका सरकत होत्या आणि मी खाली देवाचं नाव घेत होते.

रविवारी सकाळी यांनी मशीन काढली. आमच्या घरात सगळीकडे दोनच भोकांचे प्लग. यांनी मशिनीचं तीन काड्यांचं बूच सरळ कापून टाकलं, दोन तारा सोलल्या, भोकांत घातल्या आणि त्या निसटू नयेत म्हणून वर आगपेटीच्या काड्या खोचल्या. हिरवी तार मागे दुमडून चिंधीने बांधून ठेवली. यात नवल काही नाही, तेव्हा बुलढाण्यात निम्म्या घरांतली इस्त्री अशीच चालायची. मामाजी मागच्या दारात स्टुलावर बसले होते, धुतलेला सदरा घालून. जणू कोणाच्या घरी कार्य होतं.

"अहो, हिरवी तार!" मी ओरडले.

"काई होत नाई. हट तिकडे."

पुढचं माझ्या हातांनी मला न विचारताच केलं. मी ओसरीवर धावले, मीटरखालचा फ्यूज खस्सकन उपसला आणि स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यात खोल खुपसला.

"काऊन येड्यावानी करून राह्यली? दे तो फ्यूज!"

"नाई देत! मले विधवा व्हायची हौस नाई आली!"

शेजारीण भिंतीवरून डोकावली. आमचं असं जुंपलं, की मामाजी तिथे आहेत हेच आम्ही विसरलो. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"राहू द्या बे दोघंही. मले नाई लागत नळी-बिळी. मी बसून राहीन."

फ्यूज दिला तर नवरा जातो, नाही दिला तर म्हातारा तहानेने सुकतो. करू तरी काय? शेवटी पिठाने भरलेल्या हातांनी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मामाजी, नळी लागन. पण आधी हिरवी तार लागन, मंग मशीन लागन."

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पण वायरमनला घेऊन आले. त्याने सांगितला तसा अंगणात खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ-कोळसा घातला, बादलीभर पाणी ओतलं. खड्ड्यातली तार आत आणून तीन भोकांचा नवा प्लग बसला, मशिनीला नवं बूच लागलं. मी फ्यूज धुतला, उन्हात वाळवला आणि स्वतःच्या हाताने वायरमनच्या हातात दिला.

यांनी दोन्ही मुठी घट्ट धरल्या, टोक दगडाला टेकवलं आणि वायरमनने प्लगचा खटका दाबला. ओसरीवर फाट्‌कन आवाज झाला. मशीन गप्प.

"गेले!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

गेले नव्हते. मशीन धरून उभे होते. नुसता फ्यूज उडाला होता. वायरमनने मशीन उघडली. टपावर कुठल्या तरी ट्रंकेखाली वायर मशिनीच्या तोंडाशीच चेपली होती. आतली तार उघडी पडून धातूच्या अंगाला टेकली होती. सगळा करंट हिरव्या तारेतून खड्ड्यात गेला, म्हणून फ्यूज उडाला. "साहेब, हिरवी नसती तं तुमच्यातून गेला असता," तो म्हणाला.

हे विहिरीवर गेले, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. जेवायला बसले, पण भाकरी तशीच ताटात राहिली. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मलाच जेवण जात नव्हतं.

नवी वायर लागल्यावर काम झालं. हे लाकडी पाटावर उभे, पायात रबरी चपला. आणि मी मागे कोरडा वेळू उगारून, चिकटलेच तर हाणून पाडायला. आळीतले लोक हसायचे. हसेनात का! चार सुती मशिनीने काळा दगड गपगप खाल्ला, भिंतीचा एक खडा हलला नाही. नळी बसली. मामाजी पहिल्यांदा एकटे जाऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, चहा टाक. मोठा कप."

भीती मात्र गेली नाही. संडासातल्या दिव्याची वायर त्याच भिंतीवरून गेली होती. कधी घासली तर? डोळे नसलेला माणूस ओल्या हाताने नळी धरणार. म्हणून मामाजी उठले की मी आधी धावत जाऊन नळीला उलटा हात लावायची. उलटा, कारण सरळ हाताची मूठ आवळली की सुटत नाही, हे मी काकूच्या हातावरून शिकले होते. मामाजींना यातलं काही सांगितलं नाही. उगाच धसका कशाला?

पुढे भावाच्या लग्नाला आठवडाभर माहेरी गेले. परत आले तर मामाजी स्टुलावर बसलेले, ओठांना पुन्हा भेगा.

"मी नसताना नळी धरली नाई काय?" मी पिशवी खाली टाकून विचारलं.

ते जरा ओशाळले. "तुह्या बांगड्या नळीवर वाजल्या की मंगच मी हात लावतो बाई. त्या वाजल्याच नाई."

मला रडू आवरेना. मी तांब्या भरून आणला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि पूर्ण रिकामा केला. मग ते उठून उभे राहिले, दाराच्या चौकटीला धरून, कान माझ्याकडे करून. मी पुढे झाले आणि नळीवर उलटा हात ठेवला.