घोगरीचं तिकीट

आधीच सांगते, मी रागावलेली आहे. शांत डोक्याने लिहावं म्हणून आठवडाभर थांबले, तर राग कमी व्हायच्या ऐवजी नुसता मुरला. तेव्हा आहे तसं लिहिते.

माझी मावशी इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम करते. धुलाईखातं तळघरात. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे सगळं खाली येतं, आणि धुऊन पिळून निघालेलं कापड मावशी तापलेल्या रोलरमध्ये सारते. पलीकडे दुसरी बाई घडी घालते. यंत्रांची घरघर एवढी, की शेजारणीला हाक मारायची तर खांद्यावर चापटच मारावी लागते. तिथे भिंतीवर एक रेडिओ आहे. कुणी लावला, का लावला, देव जाणे, कारण कितीही गोड गळ्याची गायिका असो, त्या घरघरीत बुडून जाते. एकीचाच आवाज वर येतो. खालचा, जाडा, घसा बसल्यासारखा. चाहते तिला लाडाने घोगरी म्हणतात. मावशीने तिला पहिल्यांदा ऐकलं ते हातात ओली चादर असताना, आणि चादर रोलरमध्ये तिरकी गेली. मावशीच्या हातून चादर तिरकी जाणं म्हणजे काय, ते त्या खात्यातल्या बायकांना विचारा.

मला हिनेच वाढवलं. म्हणजे ओरडून आणि जेवायला घालून. घरात आम्ही दोघीच. लग्न का नाही केलंस विचारलं की म्हणते, "वेळ कुठे होता? चादरी संपल्या नाहीत." गाणं म्हणायला लागली तर शेजारचं कुत्रं उठून जातं. पण ऐकावं कसं, ते तिच्याकडून शिकावं. घोगरी कुठल्या ओळीत श्वास घेते, कुठे मुद्दाम उशिरा सूर लावते, सगळं तिला पाठ.

आणि या बाईने घोगरीला समोर बसून एकदाही ऐकलेलं नव्हतं. घोगरी पूर्वी दोनदा आमच्या शहरात आली. पहिल्यांदा इस्पितळाचा बॉयलर बंद पडला आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. दुसऱ्यांदा मला कांजिण्या आल्या. तिकीट हातात होतं. "आजारी पोरीला टाकून गाणं ऐकायला जाऊ? मला काय वेड लागलंय?" म्हणाली, आणि तिकीट देऊन टाकलं.

यंदा घोगरीने जाहीर केलं की गळा आता साथ देत नाही, हा शेवटचा दौरा. आमच्या शहरात एकच कार्यक्रम, शनिवारी संध्याकाळी.

घोगरीच्या चाहत्यांचं आमच्याकडे एक मंडळ आहे. नोंदणीबिंदणी काही नाही. सलूनवाला दादा सोमवारी दुकान बंद ठेवतो, तेव्हा तिथे जमायचं. केस कापायच्या खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी, बाकड्यावर आम्ही, उरलेले उभे. तारखा जाहीर झाल्या त्या सोमवारी जो काही गोंधळ घातला या लोकांनी! शनिवारच का, रविवार का नाही? शिकवणीवाल्या बाईंच्या मुलांची परीक्षा त्याच आठवड्यात. बँकवाले काका, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आणि अजून बँकेतच असल्यासारखे बोलणारे, त्यांनी तर दौऱ्याच्या मार्गातच चूक काढली. "आधी आपल्याकडे यायला हवं होतं. पाच शहरं फिरून आल्यावर गळा राहील का शिल्लक?" जणू काही घोगरी यांना विचारून गाडीत बसणार होती. मावशी एका खुर्चीत बसून हसत होती. तिने रजेची सोय त्याच दिवशी करून ठेवली होती, पुढच्या कितीतरी रविवारच्या पाळ्या अंगावर घेऊन.

तिकीटविक्री उघडली त्या सकाळी मी कामावर होते. मी दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. समोर एक गृहस्थ गाल धरून विव्हळत होते, आणि मी टेबलाखाली फोन धरून रांगेत. नंबर लागला. मागच्या बाजूच्या दोन खुर्च्या निवडल्या. किंमत ठीक होती. मग खाली आलं सुविधा शुल्क. त्याच्याखाली सेवा शुल्क. मग खुर्ची निवडल्याचं शुल्क. अहो, खुर्ची निवडायची नाही तर काय छताला लटकायचं? आणि या सगळ्या शुल्कांवर प्रक्रिया शुल्क. मी आ वासून बघतेय तोवर पाटी आली, मागणी वाढल्यामुळे दर बदलले आहेत. मागणी कोण? मीच ना ती! मी बघत बसले म्हणून माझ्याच तिकिटाचा भाव वाढला. असा संताप आला की तिकीट न काढताच फोन बंद केला आणि समोरच्या गृहस्थांवर ओरडले, "गप्प बसा जरा!" बिचारे खरंच गप्प बसले.

त्या सोमवारी सलूनमध्ये सगळेच पेटलेले. दादा म्हणाला, एवढ्या शुल्कात मी माणसाची वर्षभर दाढी करून देईन. शिकवणीवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. आणि बँकवाले काका उभे राहिले. काका उभे राहिले की भाषण होतं. "ही लूट आहे," ते म्हणाले. "आपण घेतो म्हणून ते घेतात. एकानेही तिकीट काढायचं नाही. रिकामं सभागृह दिसलं की झक मारत शुल्क उतरवतील. माझी बायको हट्ट धरेल, पण मी तिलाही सांगेन, तत्त्व म्हणजे तत्त्व!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कशाला खोटं बोलू?

मावशीने तेवढ्या वाजवल्या नाहीत. दादाने विचारलं, "मावशी, तुमचं काय?" तिला लहानथोर सगळे मावशीच म्हणतात, काकासुद्धा.

ती म्हणाली, "सगळे थांबणार असाल तर मी थांबते. पण सगळे."

"सगळे!" काका म्हणाले. हात वर झाले. मावशीने आपला हात शेवटी वर केला, आणि तो किती जड गेला ते मी बघितलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मी गुपचूप काढते एक. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना, गधडे."

"तुझा शेवटचा चान्स आहे, मावशी!"

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी परत घासत होती.

पुढचे काही आठवडे रोज सकाळी उठल्याबरोबर फोन माझ्यापुढे करायची, शुल्क उतरलं का बघ म्हणून. उतरलं नाही. ढिम्म. मग कार्यक्रमाला थोडे दिवस राहिले असताना तिकिटं विकणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की आमच्या शहरातला कार्यक्रम रद्द. काही तांत्रिक कारणामुळे तो शेजारच्या शहरातल्या मोठ्या सभागृहात, तिथल्याच कार्यक्रमात सामील केला आहे. इथल्या तिकिटावर तिथे बसता येईल, फक्त सगळी शुल्कं नव्याने भरायची. नवीन विक्री मात्र नाही, कारण जागा संपल्या.

मावशी कामावरून आली तेव्हा मी तिला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे गेलंच." जेवली नाही. माझ्या आठवणीत ही बाई जेवायची राहिलेली नाही, तापातसुद्धा नाही.

सोमवारी आम्ही सलूनमध्ये गेलो तर सगळे आधीच जमलेले, आणि आम्ही दारात दिसताच गप्प झालेले. मला वाटलं, वाईट वाटतंय बिचाऱ्यांना. कसलं काय! काकांनी तोंड उघडलं.

"मावशी, बोलू नये पण बोलतो. हे तुमच्या हट्टामुळे झालं."

"माझ्या?"

"तुम्हीच म्हणालात, सगळे थांबा. तिकिटं खपली नाहीत म्हणून त्यांनी आपलं शहरच उडवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कल्पना यांची, भाषण यांचं, टाळ्या यांना, आणि हट्ट मावशीचा! मी बोलणार होते, पण मावशीने माझं मनगट धरलं. रोज ओल्या चादरी उचलणारा हात आहे तो. धरला की धरला. शिकवणीवाल्या बाई पुटपुटल्या, "थोडा विचार करायला हवा होता, मावशी." दादा नुसता कंगवे पुसत राहिला. मावशी खाली मान घालून ऐकत होती आणि मला तिचाही राग येत होता. बोल ना बाई! दोन शब्द तरी सुनाव!

तिचं गप्प बसणं बघून काकांना चेव चढला. "आणि वर त्या कंपनीचा निर्लज्जपणा बघा," ते म्हणाले. "तिकडे जायचं तर शुल्क परत भरा म्हणे! एकदा भरलंय ना आम्ही? दोन माणसांचं दोनदा शुल्क? हा कुठला न्याय?"

"हो ना," मागून एक बाई म्हणाली, "आम्हाला तर चौघांचं भरावं लागणार."

आणि मग काय बोललो ते दोघांच्याही लक्षात आलं.

सलूनला समोरासमोर आरसे आहेत. कुणी मान फिरवली तर दुसऱ्या भिंतीवर तोच चेहरा. लपायला जागा नाही. मी एकेकाकडे बघत गेले, आणि एकेक जण नजर चुकवत गेला. शिकवणीवाल्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. दादाने कंगवा खाली ठेवला आणि म्हणाला, "मी पण काढलं, मावशी. पहिल्याच आठवड्यात. वाटलं, मी एकट्याने काढलं तर काय फरक पडतो."

सगळ्यांनाच वाटलं होतं, आपण एकट्यानेच काढलं तर काय फरक पडतो. लाज वाटत नाही मेल्यांना! तिकिटं खपली नाहीत म्हणे. अहो, तुम्ही सगळ्यांनी मिळून खपवली! कंपनीने कार्यक्रम हलवला तो तिच्या सोयीने, मावशीच्या हट्टाचा त्याच्याशी सुतराम संबंध नव्हता. अख्ख्या मंडळात तिकीट नव्हतं ते एका मावशीकडे आणि तिच्यामुळे माझ्याकडे. आणि आता शब्द मोडणारे सगळे गाणं ऐकायला जाणार होते, आणि पाळणारी घरी बसणार होती. हे सगळं मी तिथे मोठ्याने म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते छापण्यासारखं नाही.

मावशीने मला बसवलं. मग काकांनी घसा खाकरला.

"हे बघा, झालं ते झालं. माझी बायको तशीही प्रवासाला कुरकुर करतेय. तिचं तिकीट तुम्ही घ्या, मावशी."

माझा राग क्षणभर कमी झाला. म्हटलं, चला, माणसात अजून माणूस आहे.

"फक्त," काका म्हणाले, "तिकिटाचे पैसे, आणि ते शुल्क तेवढं. दोन्ही वेळचं. मला काही त्यात कमवायचं नाही, पण पदरचे का घालू?"

"ऊठ मावशी," मी म्हटलं. "ऊठ, चल घरी. यांच्या तोंडावर मार ते तिकीट."

मावशी उठली, पण दाराकडे गेली नाही. काकांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा आवाज चढलेला ऐकला, घरातला ओरडा नव्हे, खरा चढलेला.

"मला जायचं होतं," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जायचं होतं. पहिल्या दिवशी तिकीट मिळत होतं, पैसेही होते. मी थांबले, कारण तुम्ही म्हणालात आपण सगळे थांबू. मला खरं वाटलं. तुमचं ऐकून मी खरं धरलं, एवढीच माझी चूक. आणि मला अजूनही जायचंय. मान खाली घालून जावं लागलं तरी जायचंय. ती पुन्हा गाणार नाही."

तिने पाकीट काढलं. मी म्हटलं, "मावशी, नको." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जे शुल्क दिल्या शब्दाखातर तिने एकदाही भरलं नव्हतं, ते दोनदा, तिकिटाच्या पैशांसकट, मोठ्या नोटांत तिने काकांपुढे धरलं. सगळी खोली बघत होती. मला वाटलं, आता तरी हा माणूस नको म्हणेल. निदान शुल्काचे तरी नको म्हणेल. मी मनातल्या मनात अक्षरशः विनवत होते त्याला, म्हण, एकदा नको म्हण.

काकांनी नोटा घेतल्या, पुन्हा मोजल्या, आणि वरचे परत द्यायला सुट्टे नाहीत म्हणाले.